स्वस्त विमान कंपन्यांच्या वाढत्या जागा आणि नागपूरचे प्रवासी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या कंपनीने शेकडो विमानांची ऑर्डर दिल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी आमच्याकडे प्रश्न येऊ लागतात. नागपूरहून फेऱ्या कधी वाढणार? पुण्याचं भाडं कधी उतरणार? तेच ते प्रश्न येत असल्यामुळे उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे. देशात जागा वाढणं आणि तुमच्या मार्गावर, तुम्हाला हव्या त्या वेळी जागा वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालची बहुतेक उत्तरं या फरकातूनच निघतात.

१. विमान कंपनीची "क्षमता वाढली" म्हणजे नेमकं काय वाढलं?

विकायला ठेवलेल्या जागा वाढल्या. विमानांची किंवा प्रवाशांची संख्या हे वेगळे आकडे आहेत. कंपन्या हा हिशेब आसन-किलोमीटरमध्ये मांडतात. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. १८६ जागांचं विमान या मार्गावर एकदा गेलं की १,२६,४८० आसन-किलोमीटर झाले, मग आत १८६ माणसं असोत की ९०. त्यातल्या किती जागा भरल्या, ते लोड फॅक्टर सांगतो. १८६ पैकी १६० भरल्या तर ८६ टक्के.

यात अंतराचा गुणाकार आहे, हे विसरू नका. कंपनीने तेच विमान देशातल्या छोट्या मार्गावरून काढून लांबच्या परदेशी मार्गावर लावलं, तर आसन-किलोमीटर वाढतात. पण आपल्या धावपट्टीवरून उडणारी एकही जागा वाढत नाही, उलट कमी होऊ शकते. म्हणून "क्षमता दहा टक्क्यांनी वाढली" असं वाचलं की नागपूरपुरता हिशेब स्वतः करा: दिवसाच्या फेऱ्या गुणिले प्रत्येक विमानातल्या जागा. तिकीट काढताना विमानाचा प्रकार दिसतो. तेवढ्यावर हा हिशेब घरबसल्या होतो.

२. लो-कॉस्ट कंपन्या म्हणजे सध्या नेमक्या कोणत्या?

देशांतर्गत प्रवासासाठी इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा एअर आणि स्पाइसजेट. एअरएशिया इंडिया ऑक्टोबर २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन झाली. नागपूरहून शारजाला जाणारी एअर अरेबियाही याच प्रकारातली. यांची रीत सारखी आहे: शक्यतो एकाच कुटुंबातली विमानं, जमिनीवर अर्ध्या तासाच्या आसपास थांबून लगेच पुढचं उड्डाण, आणि खाणं, सीटची निवड, जास्तीचं सामान या सगळ्याचे वेगळे पैसे. सीमारेषा मात्र पुसट होत चालली आहे. इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ पासून काही मार्गांवर बिझनेस क्लास सुरू केला.

३. एवढ्या जागा वाढल्या तरी कधीपासून?

२००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने सुरुवात केली. २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, २००६ मध्ये इंडिगो, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अकासा. २०२४ या वर्षात देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींच्या वर गेली आणि त्यातले साठ टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोने नेले. मधल्या काळात बंद पडलेल्या कंपन्यांबद्दल प्रश्न १० पाहा.

४. फेऱ्या तेवढ्याच दिसतात, मग जागा वाढल्या कशा म्हणता?

विमान बदललं की जागा बदलतात. इंडिगोच्या ए३२० मध्ये १८० किंवा १८६ जागा असतात, ए३२१ मध्ये २२२ किंवा २३२, आणि पंख्याच्या एटीआरमध्ये ७८. समजा, नागपूरहून एका मार्गावर दिवसाला १८६ जागांच्या सहा फेऱ्या आहेत. एकूण १,११६ जागा झाल्या. त्यातल्या दोन फेऱ्या २३२ जागांच्या ए३२१ ने केल्या, तर फेऱ्या सहाच राहून ९२ जागा वाढतात. उलटही होतं. एका ए३२० च्या जागी एटीआर आलं की वेळापत्रकात काहीच बदललेलं दिसत नाही, पण १०८ जागा गेलेल्या असतात.

एकाच विमानात जागा वाढवण्यालाही सीमा आहेत. दर पन्नास आसनांमागे एक केबिन कर्मचारी लागतो. १८० च्या १८६ केल्या तरी चार जणांवर भागतं, म्हणून त्या सहा जागा कंपनीला जवळजवळ फुकट पडतात. दुसरी सीमा दारांची. अपघातात सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतील, हे सिद्ध करावं लागतं. अकासाकडच्या ७३७-८-२०० या विमानात १९७ जागा बसवता आल्या, कारण त्या प्रकाराला आपत्कालीन दारांची जादा जोडी आहे. जागा वाढवताना शौचालय आणि खानपानाची जागा आक्रसते, दोन रांगांमधलं अंतर घटतं. उंच माणसाला नागपूर-बंगळूर प्रवासात ते गुडघ्यांना कळतंच. पाय लांब असतील तर आपत्कालीन दाराजवळच्या रांगेचे जास्तीचे पैसे देण्यात काही वाईट नाही. मात्र ज्येष्ठ, गरोदर आणि लहान मुलांना तिथे बसवत नाहीत.

५. विमानं तर दरवर्षी वाढून राहिली, मग दिवाळीत पुण्याहून नागपूरचं तिकीट स्वस्त का होत नाही?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. मुलगा हिंजवडीत, सून खराडीत आणि आईवडील त्रिमूर्तीनगरात, अशी शेकडो घरं नागपुरात आहेत. तिकिटाचा भाव पाहून कितीतरी जणांचा जीव खालीवर होतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

एका फेरीतल्या सगळ्या जागा एका भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे गट पाडते. स्वस्त गट आधी संपतो, मग त्याच्या वरचा. दिवाळीआधीच्या दोन-तीन दिवसांचे खालचे गट महिनाभर आधीच संपलेले असतात. शिल्लक उरलेला शेवटचा, महाग गट तेवढा तुम्हाला दिसतो.

दुसरं कारण एकतर्फी गर्दीचं. वसुबारसेच्या सुमारास पुण्याहून येणारं विमान खच्चून भरतं आणि तेच विमान नागपूरहून बऱ्यापैकी रिकामं परत जातं. भाऊबीज झाली की उलटी गंगा. परतीच्या रिकाम्या फेरीचं इंधन, विमानतळ शुल्क आणि वैमानिकांचा पगार भरलेल्या फेरीतूनच वसूल होतो.

तिसरं म्हणजे विमानांचा ताफा वर्षभराच्या गरजेवर ठरतो, एका आठवड्याच्या नव्हे. त्या आठवड्यात पाटणा, लखनौ, इंदूर, नागपूर सगळीकडे जादा फेऱ्या हव्या असतात. मोकळं विमान कुठून आणायचं? आणलं तरी पुण्यात ते उतरवायला वेळ मिळायला हवी (प्रश्न ६).

वाढलेल्या जागांचा फायदा मिळतो, पण तो दुसऱ्या महिन्यांत. शाळा सुरू झाल्यानंतर जूनअखेर ते ऑगस्ट, किंवा दिवाळीची गर्दी ओसरून लग्नसराई सुरू होण्याआधीचे दिवस पाहा. जागा जास्त आणि माणसं कमी असतात तेव्हाच भाव खरोखर उतरतो. दिवाळी आपल्या घरीच व्हावी असं आम्हालाही वाटतं. पण ज्यांची प्रकृती साथ देते, अशा आईवडिलांनी त्याच दिवसांत नागपूरहून पुण्याला जाणं आणि भाऊबीजेनंतर परतणं बरंच स्वस्त पडतं, कारण ते गर्दीच्या उलट दिशेने प्रवास करतात.

६. पुण्याला मागणी आहे, प्रवासी आहेत. मग फेऱ्या का वाढवत नाहीत?

पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आहे. धावपट्टी एकच. लढाऊ विमानांच्या सरावातून उरलेल्या वेळा नागरी उड्डाणांना मिळतात. २०२४ मध्ये तिथे नवं टर्मिनल सुरू झालं, त्यामुळे प्रवाशांना उभं राहायला जागा झाली, पण धावपट्टी तीच राहिली. मुंबईत दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते.

उतरण्या-उडण्याच्या या ठरलेल्या वेळेला स्लॉट म्हणतात. कंपनीच्या हातात एक मोकळा स्लॉट आला, तर ती आधी दिल्लीचा विचार करणार. नागपूरला तो मिळावा यासाठी इथल्या व्यापारी संघटना आणि लोकप्रतिनिधींनी टर्मिनलच्या सुशोभीकरणापेक्षा स्लॉटचा आग्रह धरायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

७. शेकडो विमानांच्या ऑर्डर झाल्या, ती विमानं आहेत कुठे?

इंडिगोने जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानं मागवली, त्याच वर्षी एअर इंडियाने ४७०, आणि जानेवारी २०२४ मध्ये अकासाने १५०. ही विमानं एका रात्रीत येत नाहीत. त्यांचा पुरवठा पुढच्या दहा-बारा वर्षांत पसरलेला आहे. शिवाय आलेली सगळी विमानं ताफ्यात जादाची भर घालत नाहीत. जुन्या विमानांचा भाडेकरार संपला की ती परत करावी लागतात.

त्यात इंजिनांचं संकट आलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या काही इंजिनांमध्ये धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या भागांत दोष असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. तपासणीसाठी इंजिनं उतरवावी लागली आणि २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरच्या घरात विमानं जमिनीवर उभी होती. त्या काळात कंपनीला बाहेरून विमानं भाड्याने आणावी लागली.

८. नागपूर देशाच्या मध्यभागी आहे. मग इथे मोठं हब, म्हणजे विमानं बदलण्याचं केंद्र, का होत नाही?

एकदा झालं होतं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही शहरांतून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. इथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतत. संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचे. नागपूरच्या मधोमध असण्याचा इतका चोख उपयोग नंतर कुणी केला नाही.

माणसं मात्र थैल्यांसारखी वाटेत बदलायला तयार नसतात. आजचं विमान दिल्लीहून चेन्नईला थेट जातं, नागपूरच्या वरून. स्वस्त कंपन्यांची गणितं तर थेट उड्डाणांवरच उभी आहेत. वाटेत उतरवलं की जास्तीचं इंधन, जास्तीचं शुल्क आणि तासभर वाया. हब व्हायला स्थानिक प्रवासीही भरपूर लागतात. आपल्या विमानतळाचा आकडा वर्षाला तीस लाखांच्या आसपास आहे.

म्हणून हबपेक्षा एक लहान आणि हाती लागण्यासारखी मागणी करावी: नागपुरात मुक्कामाला राहणारी विमानं. विमान रात्री इथे थांबलं तर दिवसाचं पहिलं उड्डाण नागपूरहून होतं, मुंबई-दिल्लीचं काम आटोपून माणूस रात्री घरी येतो. विमान मुंबईत मुक्कामाला असेल, तर सकाळची सोयीची वेळ मुंबईकरांना मिळते. दोन्ही बाबतींत जागा तेवढ्याच, उपयोग मात्र वेगळा. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांची इथेच नेमणूक झाली तर रोजगारही येतो. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ पासून आहे, म्हणजे तांत्रिक पाया अगदीच नाही असं नाही.

विमानतळाच्या विस्ताराला उशीर झाला तो कोर्टकज्ज्यांत. २०१९ मध्ये जीएमआर या खासगी कंपनीला मिळालेलं काम पुढच्या वर्षी रद्द झालं, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सुमारे ७,००० कोटींच्या विस्ताराचं भूमिपूजन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. धावपट्टी सध्या ३,२०० मीटरची एकच आहे, त्यामुळे तिची मोठी दुरुस्ती निघाली की तेवढ्या तासांच्या फेऱ्या थांबतात.

९. एकाच कंपनीच्या इतक्या जागा असणं प्रवाशाच्या फायद्याचं की तोट्याचं?

रोजच्या दिवशी फायद्याचं. फेऱ्या जास्त, एक हुकली तर दुसरी मिळते. अडचणीच्या दिवशी मात्र हेच अंगावर येतं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. इंडिगोकडे त्या हिशेबाने वैमानिक पुरले नाहीत आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशभर हजारो फेऱ्या रद्द झाल्या. उरलेल्या कंपन्यांकडे एवढ्या माणसांना सामावून घेण्याइतक्या जागाच नव्हत्या. भाव इतके चढले की सरकारला तात्पुरती मर्यादा घालावी लागली. ५०० ते १,००० किलोमीटरसाठी ती कर आणि शुल्क सोडून १२,००० रुपये होती. नागपूरहून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर हे चारही मार्ग याच टप्प्यात येतात. नंतर विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, इंडिगोला फेऱ्या दहा टक्क्यांनी कमी करायला लावल्या.

विश्रांतीचे नियम आम्हाला योग्यच वाटतात. थकलेल्या वैमानिकाच्या भरवशावर वाढवलेल्या जागा आम्हाला नकोत. हव्या आहेत त्या प्रत्येक मार्गावर किमान दोन कंपन्या.

१०. कंपनीच बंद पडली तर आधी काढलेल्या तिकिटाचे पैसे मिळतात का?

लवकर मिळतील अशी आशा ठेवू नका. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट (आधीची गोएअर) मे २०२३ मध्ये थांबली. प्रकरण दिवाळखोरीत गेलं की तारण असलेल्या बँकांचा हक्क आधी असतो, तिकीटधारक बराच मागे राहतो. क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील तर सेवा न मिळाल्याची तक्रार बँकेकडे लगेच नोंदवा. तीच वाट त्यातल्या त्यात बरी. अडचणीत असलेल्या कंपनीचं सहा महिने पुढचं तिकीट केवळ स्वस्त म्हणून काढू नये.

११. अमरावती आणि गोंदियाहून विमानं सुरू झाल्यामुळे नागपूरच्या फेऱ्या कमी होतील का?

नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली, तीही छोट्या एटीआरने. गोंदियाच्या बिरसी विमानतळाचंही प्रमाण लहानच. अशा मार्गांना उडान योजनेतून मदत मिळते आणि ती ठरावीक मुदतीची असते. तिकडच्या लोकांची गाडी करून सोनेगावला येण्याची दगदग वाचते, हे मोलाचं आहे.

१२. समृद्धी महामार्ग आणि वंदे भारतमुळे विमानाचं भाडं उतरेल का?

समृद्धी ५ जून २०२५ पासून इगतपुरीच्या पुढेही पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर. अजनी-पुणे वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यांना यातून मोठा पर्याय मिळाला. पण गाडीला किंवा रेल्वेला बारा तासांच्या आसपास लागतात, विमान दीड तासात पोहोचवतं. घाईच्या प्रवाशाचा भाव त्यामुळे फारसा हलत नाही.

१३. तिकिटावर "मुंबई" लिहिलंय, पण विमान नवी मुंबईत उतरणार म्हणे. फरक पडतो का?

खूप पडतो. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. इंडिगोने तिथून जाहीर केलेल्या पहिल्या दहा शहरांत नागपूर होतं. पनवेल, वाशी, अलिबागकडे जाणाऱ्यांना ते सोयीचं. अंधेरी-बोरिवलीला जाणाऱ्यांना मात्र टॅक्सीचे पैसे मिळवले की स्वस्त तिकीट महाग पडेल. तिकीट काढण्यापूर्वी तीन अक्षरी खूण पाहा: जुन्या विमानतळाची बीओएम, नव्याची एनएमआय.

१४. मोठं विमान बदलून छोटं लावलं आणि मला चढूच दिलं नाही, तर?

तिकीट पक्कं आहे, तुम्ही वेळेत पोहोचलात, तरी जागा नाही म्हणून नाकारलं तर डीजीसीएचा नियम असा: मूळ वेळेपासून तासाभरात निघणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. काउंटरवर बरेचदा व्हाउचर पुढे करतात. ते घ्यायचं की पैसे, हे तुम्ही ठरवायचं. नाकारल्याचं लेखी कारण तिथल्या तिथे मागा.

१५. फेरी रद्द झाली तर हेच नियम का?

नाही, ते वेगळे आहेत. प्रवासाच्या दोन आठवडे आधी कळवलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा एवढंच. नियमाप्रमाणे वेळेत कळवलं नाही, तर त्याशिवाय भरपाई. ती प्रवासाच्या वेळेवर ठरते: तासाभरापर्यंत ५,०००, एक ते दोन तासांसाठी ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम. नागपूर-मुंबई मधल्या टप्प्यात येतं. धुकं, वादळ, हवाई नियंत्रणातल्या अडचणी अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत भरपाई नाही, परतावा मात्र मिळतोच.

१६. नागपूरहून थेट दुबई का नाही? प्रवासी तर भरपूर आहेत.

परदेशी मार्गांवर कंपनीकडे विमान असणं पुरत नाही. दोन देशांच्या करारात आठवड्याला किती जागा, आणि परकीय कंपनीने भारतातल्या कोणत्या शहरांत उतरायचं, हे ठरलेलं असतं. दुबईच्या वाट्याच्या जागा जवळजवळ पूर्ण वापरल्या गेल्या आहेत आणि त्या वाढवून मिळत नाहीत. शारजा आणि दोहा यांचे करार वेगळे, म्हणून आपल्याकडे ती नावं दिसतात. शारजात उतरून रस्त्याने दुबई जवळ आहे, बहुतेक नागपूरकर तसंच करतात.

१७. थेट विमान महाग आहे. दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं काढून हैदराबादमार्गे गेलो तर चालेल का?

चालेल, पण धोका तुमचा. एकाच तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं तर कंपनी पुढची सोय करते. वेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला गैरहजर धरते आणि पैसे जातात. हैदराबादला सामान घेऊन बाहेर यावं लागतं, पुन्हा द्यावं लागतं, आणि १५ किलोंच्या वरच्या वजनाचे पैसे दोन्हीकडे वेगवेगळे भरावे लागतात. संत्र्यांची पेटी बरोबर असेल तर हा हिशेब आधी करा. मध्ये किमान चार तास ठेवा, आणि दिवसाचं शेवटचं विमान दुसऱ्या टप्प्यासाठी निवडू नका.